उन्हाळा आणि कसलेले शरीर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केळझर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला कोणाचे तरी व्याख्यान ठेवावयाचे ही आपल्या मंडळाची जुनी चाल आहे. या जागेवरून पुष्कळ जाणती माणसे बोलून गेली आहेत. माझा सारा जन्म शाळेच्या मैदानावर मुलींना कवायत, लेझीम आणि खो-खो शिकवण्यात गेला. तेव्हा विद्वत्तेचे बोलणे माझ्याकडून व्हावयाचे नाही. सुदैवाने चालक भगिनींनी विषयही माझ्या बेताचाच नेमून दिला. विषय असा : व्यायामाने कसलेले शरीर उन्हाळा अधिक सोसते काय?

हा विषय सहज निघालेला नाही. यंदा मंडळापुढे दोन सूचना आल्या आहेत. एक सूचना अशी की, माघ महिन्यापासून बायकांसाठी पहाटेचा व्यायामवर्ग काढावा, म्हणजे उन्हाळा जड जाणार नाही. दुसरी अशी की, व्यायामवर्गाला जो पैसा लागेल तो वावरात आणि मजुरीच्या कामावर जाणाऱ्या बायकांच्या पाण्याला व सावलीला लावावा. पहिल्या बाजूच्या भगिनी म्हणतात, "शरीर धट्टेकट्टे असले की ऊन बाधत नाही." दुसऱ्या बाजूची एक मावशी मला म्हणाली, "बाई, वावरात राबणाऱ्या बाईपेक्षा कसलेलं आंग कोनाचं? अन् ऊन तं तिलेच लागते जी!" दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. पण दोन्ही बोलणी अर्धी आहेत. उरलेला अर्धा भाग कोणता, ते पाहण्याचा आज माझा विचार आहे.

आपल्या गावाला लोक एकचक्रानगरी म्हणतात. पांडव इथे राहिले, भीमाने इथे बकासुराला मारले, अशी आपली श्रद्धा आहे. बळाचा महिमा सांगण्यास याहून चांगले गाव कोणते मिळणार! परंतु बकासुर एका दिवसात संपला. आपला उन्हाळा होळीपासून मृगापर्यंत चालतो. २३ मे २०१३ रोजी शेजारच्या नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा शत्रूशी एका दिवसाच्या बळाने लढता येत नाही. त्याला रोजची तयारी लागते आणि तयारीबरोबर शहाणपणही लागते.

प्रथम, ऊन लागते म्हणजे शरीरात काय होते ते पाहू.

आपल्या शरीराची आतली उष्णता ३७ अंशांच्या आसपास राहावी लागते. चूल पेटली की स्वयंपाकघर तापते, तसे शरीरही आपल्या कामाने आतून तापत असते. आपण खातो त्या अन्नातून जी शक्ती मिळते, तिच्यातली जेमतेम पाव हिश्शाची शक्ती हातापायांच्या कामाला येते. बाकीची उष्णता होऊन बसते. ५० किलो वजनाची बाई कुदळ-फावड्याचे काम करीत असेल आणि तिच्या अंगातली उष्णता बाहेर जाण्याचा मार्गच बंद झाला, तर दर दहा मिनिटांना तिच्या शरीराचे तापमान सुमारे एका अंशाने चढेल. म्हणजे अर्ध्या तासात तिला फणफणून ताप भरेल. तसे सहसा होत नाही, कारण शरीराने दोन सोयी केलेल्या आहेत. पहिली म्हणजे हृदय जास्त रक्त कातडीकडे पाठवते, आणि आतली उष्णता तेथे येऊन बाहेर पडते. दुसरी सोय म्हणजे घाम.

हवा थंड असते तोवर पहिली सोय चांगली चालते. परंतु आपली कातडी असते ३५ अंशांच्या आसपास, आणि वैशाखातली दुपारची हवा ४३-४४ अंशांची. तेव्हा हवा आपली उष्णता घेईल कशी? उलट ती स्वतःची उष्णता आपल्यावर ओतत असते. मग उरतो एक घाम. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. रांजण पाझरतो म्हणून त्यातले पाणी गार राहते, त्यातलाच हा प्रकार. मात्र पाझरलेले पाणी वाळले पाहिजे. टपटप गळून गेलेला घाम फुकट गेला असे समजा. आपल्याकडची चैत्र-वैशाखातली हवा कोरडी असते म्हणून घाम लवकर वाळतो आणि कूलरही चांगला चालतो. मृगाच्या आधी आभाळ भरून येते, पारा तर थोडा उतरलेला असतो, तरी जीव अधिक घाबरतो, याचे कारण हेच. हवेत ओल आली की घाम वाळत नाही.

आता या सगळ्यात व्यायामाचा उपयोग काय?

उपयोग आहे, आणि तो मोजून पाहिलेला आहे. रोज भरभर चालणाऱ्या, धावणाऱ्या किंवा पोहणाऱ्या माणसाचे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलते. उन्हात हृदयाला दोन धनी सांभाळावे लागतात. काम करणारे स्नायू एकीकडून रक्त मागतात, तापलेली कातडी दुसरीकडून मागते. ज्याचे हृदय दुबळे, त्याची या ओढाताणीत दमछाक होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. कसलेले हृदय दोघांनाही पुरे पडते. दुसरे असे की, व्यायामाने रक्तातला पातळ भाग वाढतो, म्हणजे घामासाठी पाण्याचा साठा हाताशी असतो. तिसरे म्हणजे घाम लवकर सुटू लागतो. पुष्कळ भगिनींना जास्त घाम येणे हे अशक्तपणाचे लक्षण वाटते. तसे सरसकट नाही. काम सुरू होताच अंग भरून घाम येणे हे उन्हाळ्यात चांगल्या शरीराचे लक्षण आहे. चौथे, ज्याच्या अंगावर चरबी फार, त्याला स्वतःचेच ओझे वाहावे लागते आणि तो लवकर तापतो. व्यायामाने तेही ओझे उतरते.

वयाचीही गोष्ट सांगावयास हवी. साठी उलटली की घाम कमी सुटतो, कातडीकडे रक्त कमी जाते आणि तहानही नीट लागत नाही. पण चालत्या-फिरत्या, काम करीत राहिलेल्या वृद्धांत ही घट कमी असते असे आढळले आहे. तेव्हा "आता या वयात कसला व्यायाम" असे म्हणणाऱ्या आजीबाईंना माझे सांगणे आहे की, या वयातच तो अधिक हवा.

परंतु नुसता व्यायाम वेगळा आणि उन्हाची सवय वेगळी. दोघी सख्ख्या बहिणी आहेत, पण एक नाहीत. शरीर रोज थोडा वेळ उन्हात कामाला लागले की एक ते दोन आठवड्यांत ते उन्हाला सरावते. पहिल्या चार-पाच दिवसांत हृदयाची धडधड कमी होऊ लागते. मग घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, आणि घामातून जाणारे मीठही कमी होते. ज्याला आधीपासून व्यायाम आहे, त्याला हा सराव लवकर होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणी फार खोल, आणि तेथे उकाडा भयंकर. उष्माघाताने कामगार मरत. सन १९३०च्या दशकात तेथल्या डॉक्टरांनी नव्या कामगारांना एकदम खोलात न उतरवता आधी काही दिवस बेताबेताने उष्ण जागी काम देऊन सरावून घेण्याची पद्धत बसवली, आणि मृत्यू पुष्कळ घटले.

मात्र ही सवय टिकाऊ नाही. उन्हापासून दूर राहिले की तीन-चार आठवड्यांत ती बरीचशी निघून जाते. म्हणूनच "आमी तं उन्हातच लहानाच्या मोठ्या झालो, आमाले काय होते" हे बोलणे मला धास्तीचे वाटते. उन्हाची सवय माहेराहून आणलेल्या दागिन्यासारखी जन्मभर अंगावर राहत नाही. पावसाळा आणि हिवाळा गेला की ती गेलेली असते, आणि दर साली नव्याने मिळवावी लागते. फाल्गुनातला पहिला कडक आठवडा म्हणूनच घातक. वसतिगृहातून सुट्टीला आलेली मुलगी, बाळंतपणातून उठलेली सून, पंधरा दिवस तापाने पडून उठलेली बाई, यांनी पहिल्याच दिवशी सर्वांच्या बरोबरीने काम करू नये. तज्ज्ञांनी घालून दिलेला नियम सोपा आहे. नव्या माणसाने पहिल्या दिवशी उन्हातले काम पाचव्या हिश्शाएवढे करावे आणि रोज पाचवा हिस्सा वाढवीत जावे. पाचव्या दिवशी तो पुऱ्या कामाला लागेल.

आता दूरच्या खाणी सोडून आपल्या जिल्ह्यात येऊ.

३० एप्रिल १९३६ रोजी महात्माजी वर्ध्याहून सेगावी राहावयास आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. त्यांचे वय तेव्हा ६६ वर्षांचे होते. ऐन वैशाखातला दिवस. पण ते पहाटेच पायी निघाले आणि ऊन तापण्याच्या आत पोचले. पुढे जून १९४२मध्ये लुई फिशर नावाचे अमेरिकन पत्रकार आठवडाभर सेवाग्रामला राहिले. वयाने ते महात्माजींहून जवळजवळ सव्वीस वर्षांनी लहान. पण आपला उन्हाळा त्यांना असह्य झाला. त्यांनी न्हाणीघरातल्या पत्र्याच्या टबात एक खोके ठेवले, त्यावर ते पाण्यात बसले, बाहेर दुसऱ्या खोक्यावर टंकयंत्र ठेवले, आणि दर काही मिनिटांनी अंगावर पाणी ओतून घेत लेखन केले. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. त्याच उन्हाळ्यात ७२ वर्षांचे महात्माजी आपला रोजचा फेरफटका चुकवीत नव्हते.

यावरून कोणी म्हणेल, पाहा, हा चालण्याच्या व्यायामाचा प्रताप! आहेच. परंतु महात्माजींचा दिनक्रमही पाहा. ते चालत ते सकाळी आणि सायंकाळी. दुपारी विसावा घेत. डोक्यावर ओले फडके ठेवीत. राहत ते मातीच्या भिंतींच्या, कवेलूच्या छपराच्या कुटीत. म्हणजे शरीराला व्यायाम होता, उन्हाची सवय होती, आणि या दोन्हींवर विसंबून न राहता वेळ, पाणी आणि सावली यांची व्यवस्थाही होती. फिशरसाहेबांना सवय नव्हती; त्यांनी पाण्यावर भागवले. तेही शहाणपणच.

विनोबाजींचेही तसेच. ८ मार्च १९५१ रोजी ते पवनारहून हैदराबादेजवळच्या शिवरामपल्लीला जावयास पायी निघाले. वय ५५, प्रकृती तोळामासा, पोटाचे दुखणे जुने. सुमारे तीनशे मैलांची वाट, आणि तीही मार्च-एप्रिलच्या उन्हात. त्याच प्रवासात पुढे १८ एप्रिलला पोचमपल्लीला भूदानाचा आरंभ झाला. त्यांचीही वाटचाल पहाटेच्या अंधारात सुरू व्हावयाची, आणि ऊन चढेपर्यंत मुक्कामाचे गाव गाठलेले असावयाचे. सूर्याशी त्यांनी वैर केले नाही. त्याच्या आधी उठून त्यांनी आपले काम उरकून घेतले.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. शरीर उत्तम कसलेले असूनही ऊन माणसाला कसे पाडते, तेही पाहिले पाहिजे.

ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन शर्यत पहिल्याने झाली ती १९८४ साली, लॉस एंजेलिसला. त्या शर्यतीत स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस नावाची ३९ वर्षांची बाई होती. ती मुरलेली धावपटू होती. वाटेत शेवटच्या ठिकाणी पाणी घ्यावयाचे तिच्याकडून राहून गेले. मैदानात शिरली तेव्हा एक पाय वळत नव्हता, एक हात लोंबत होता, आणि ती दारू प्याल्यासारखी झोकांड्या खात होती. शेवटची फेरी पुरी करावयास तिला जवळजवळ सहा मिनिटे लागली. डॉक्टर बाजूने चालत होते. तिला अद्याप घाम येतो आहे हे पाहून त्यांनी तिला पुढे जाऊ दिले, आणि सुदैवाने ती लवकर सावरली. साऱ्या जगाने तिची जिद्द वाखाणली. मी व्यायामशिक्षिका, मलाही तिचे कौतुक आहे. पण माझ्या मुलींना मी त्यातून वेगळाच धडा देत असे. कसलेले शरीर थांबत नाही, हाच त्याचा धोका आहे. दुबळा माणूस लवकर दमतो, बसतो आणि वाचतो. बळकट माणूस "एवढी एक ओळ निंदून टाकते आणि मग बसते" असे म्हणतो. उष्माघात गाठतो तो त्या शेवटच्या ओळीत. सैन्यातले जवान आणि खेळाडू यांना उष्माघात होतो तो बहुधा असाच.

आणि पारा फार चढला तरच धोका, असेही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला सरकारी पुरस्काराचा मोठा समारंभ उघड्या मैदानात झाला. लक्षावधी माणसे तासन् तास उन्हात बसून होती. उष्माघाताने १४ जण दगावले. त्या दिवशी तिकडचे तापमान होते ३८ अंशांच्या आसपास. आपण वऱ्हाड-विदर्भाची माणसे म्हणू, ३८ म्हणजे काय, ते तर आपल्याकडचे होळीचे ऊन! पण तिकडे समुद्रकाठची दमट हवा, माथ्यावर छप्पर नाही, गर्दीतून उठून जाता येत नाही. ती माणसे काही काम करीत नव्हती, नुसती बसलेली होती. मोठ्या सभा-समारंभाला जाताना आपण हे ध्यानात ठेवावे.

शरीराला एक मर्यादा आहे, ती कोणत्याही व्यायामाने पुसता येत नाही. पूर्वी शास्त्रज्ञांचा असा हिशेब होता की, थर्मामीटरला ओले फडके गुंडाळले असता तो ३५ अंश दाखवू लागला म्हणजे निरोगी माणसाचाही टिकाव लागत नाही. सन २०२२मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील विद्यापीठाने तरुण, धडधाकट मुलामुलींवर हे पडताळून पाहिले. हलके घरकाम करण्याइतकीच हालचाल करताना त्यांचे शरीर दमट हवेत ३१ अंशांच्या आसपासच हरू लागले. आणि फार तापलेल्या कोरड्या हवेत तर त्याच्याही खाली, कारण घाम सुटण्याचा वेगच पुरा पडेना. ही गोष्ट तरुणांची. म्हाताऱ्याकोताऱ्यांची मर्यादा अर्थातच त्याहून अलीकडे असणार.

तिसरे उदाहरण माझ्या मावशीच्या प्रश्नाचे उत्तर देते. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोर हे देश आहेत. तेथे उसाचे मोठे मळे. गेल्या काही दशकांत तेथल्या ऊस तोडणाऱ्या तरुणांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, वय तिशी-चाळिशीचे, अंगाने पिळदार. हजारो घरे उजाड झाली. कारणांचा शोध अजून चालू आहे, पण रखरखत्या उन्हात न थांबता केलेले कष्ट हे त्यातले मोठे कारण दिसते. मग काही ठिकाणी मळ्यावर सावलीचे मांडव घातले, ठरल्या वेळी सक्तीची विश्रांती दिली, पाण्याची सोय केली; तेव्हा कामगारांच्या मूत्रपिंडांची हानी कमी झाली. त्या तरुणांत बळ कमी नव्हते. कमी होते ते पाणी, सावली आणि विसावा.

भगिनींनो, कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. व्यायाम आपण आपल्या वेळेने करतो, दमलो की थांबतो, नंतर खातो आणि झोपतो. कष्टात वेळ दुसऱ्याची, थांबणे दुसऱ्याच्या हाती, आणि खाणे सर्वांचे झाल्यावर उरेल तेवढे. पहाटे पाणी भरावयाचे, चुलीपुढे भाकरी थापावयाच्या, मग वावरात पऱ्हाट्या वेचावयाच्या किंवा बोरच्या जंगलाकडे तेंदूपत्ता तोडावयास जावयाचे, आणि परत येऊन टिनाच्या छपराखाली पुन्हा चूल. अशा बाईचे हातपाय काटक असतील, पण तिच्या रक्ताचे काय? २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या शंभर बायकांपैकी ५७ बायकांत रक्त कमी आढळले. आपल्या महाराष्ट्रातही हा आकडा निम्म्याच्या वर आहे. रक्त कमी म्हणजे हृदयाला तेवढ्याच कामासाठी अधिक धावावे लागते, आणि ते दोन धनी मी मघाशी सांगितलेच. अशा बाईला मी "व्यायाम कर" म्हणून सांगू लागले तर तिने मला दारातून परत पाठवावे. तिला हवा आहे विसावा, पोटभर जेवण आणि दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या.

आणखी एक गोष्ट आहे, ती चारचौघांत बोलली जात नाही. पण आज सभेत आपण बायकाच आहोत. उघड्या वावरात किंवा कामावर आडोसा नसतो, म्हणून पुष्कळ बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवीला जावे लागू नये यासाठी तहान मारतात. घाम हाच आपला उन्हाळ्यातला एकमेव आधार, आणि त्याच्या विहिरीलाच आपण झाकण घालतो! चार बांबू आणि दोन जुनी लुगडी यांचा आडोसा उभारला तर एखाद्या बाईचे मूत्रपिंड वाचेल. असला आडोसा उभारणे हे महिला मंडळाचेच काम आहे. ते दुसरे कोणी करणार नाही.

तेव्हा मंडळापुढच्या दोन सूचनांविषयी माझे मत असे आहे की, त्या एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. जिचा दिवस घरात, दुकानात किंवा कचेरीत बसून जातो, तिला चालणे हवे. जिचा दिवस वावरात जातो, तिला बसणे हवे. एकीचे शरीर कामाविना सुस्तावते, दुसरीचे विसाव्याविना झिजते, आणि ऊन दोघींनाही गाठते. शरीरस्वास्थ्य हे चालणे आणि बसणे या दोहोंचे मिळून बनते. बायकांच्या व्यायामाची आपल्या विदर्भाला नवलाई नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून उभे आहे. आता विसाव्याचेही तसेच एखादे मंडळ निघावयास हवे!

करावयाचे काय, ते थोडक्यात सांगते.

व्यायामवर्ग माघात, थंडी असतानाच सुरू करावा. उन्हाळा दारात आल्यावर नव्हे. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास भरभर चालावे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. गणपतीची टेकडी आपल्याला जवळ आहे. पहिल्या दिवशी वर पोचल्यावर नाडीचे ठोके मोजून वहीत टिपावे आणि महिन्याने पुन्हा मोजावे. ठोके कमी झालेले दिसतील, आणि कोणी न सांगता वर्ग चालू राहील. फाल्गुनात सकाळचे थोडे कोवळे ऊन अंगावर घ्यावे. नवतपा लागला की सूर्य वर येण्याच्या आत वर्ग संपवावा. ज्यांना हृदयाचा विकार किंवा रक्तदाब आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. लघवी अधिक होण्याच्या गोळ्या चालू असतील त्यांनी तर अवश्य विचारावे. गरोदर बायकांनी दुपारचे ऊन टाळावे.

कामावर जाणाऱ्यांसाठी पाणी, मांडव आणि आडोसा यांची व्यवस्था व्हावी. उन्हात काम करताना तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. ताक, आंबील, पन्हे हे आपले जुने उपाय उत्तम आहेत, कारण त्यांत पाणीही आहे आणि मीठही. कांदा खिशात ठेवून काही होत नाही. तो ताकाबरोबर पोटात गेलेला बरा. जुलाब किंवा फार घाम झाला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून द्यावे, चमचा चहाचा. मुकादमाशी आणि शेतमालकाशी बोलून काम पहाटे लावून घ्यावे, आणि भर दुपारी सुट्टी मागून घ्यावी. एकट्या बाईने मागितले तर तिला आळशी म्हणतील. मंडळाने मागितले तर ऐकावे लागेल.

उष्माघाताची खूणही सर्वांना ठाऊक हवी. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, शुद्ध हरपू लागली आणि अंग भाजू लागले, तर ती चक्कर समजून बसून राहू नये. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, सर्वांगावर पाणी ओतावे आणि पदराने, सुपाने, मिळेल त्याने वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. १०८ला फोन करावा, पण गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये. यात एकेक मिनिट मोलाचे आहे.

शेवटचे काम सर्वांत सोपे आहे. १९९५च्या जुलैत अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेची लाट येऊन सातशेहून अधिक माणसे दगावली, त्यांत एकेकटे राहणारे वृद्ध फार होते. त्यांची चौकशी करणारे कोणी नव्हते. आपल्याही गावात आता मुले पुण्या-नागपूरला आणि आई-वडील एकटे, अशी घरे आहेत. मंडळाने अशा घरांची यादी करावी, आणि पहाटे चालावयास निघणाऱ्या भगिनींनी परतताना एकेका दारी थांबून आजीबाईंनी माठ भरला आहे की नाही, रात्री झोप लागली की नाही, एवढे विचारावे. व्यायामवर्गाचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही.

तर प्रश्नाचे उत्तर एवढेच की, कसलेले शरीर ऊन अधिक सोसते, हे खरे. ते आपल्याला उन्हात थोडा वेळ अधिक देते. तो वेळ सावलीपर्यंत पोचण्यासाठी वापरावा, आणखी एक ओळ निंदण्यासाठी नव्हे. ज्या बहिणीला थांबण्याची मुभाच नाही, तिला ती मिळवून देणे हे आपणा बाकीच्यांचे काम आहे. दोन्ही सूचना मंडळाने एकमताने मान्य कराव्या, अशी विनंती करते.